आईच्या वहीतले अकरा डबे: पहिल्या दिवाळीला फराळ वाटावा का?

वेलची_पूड (इंदूर)

मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते आहे. आज विचारायचं आहे.

आई ज्येष्ठात गेली. तिच्याशिवायची ही पहिली दिवाळी. लोकमान्य नगरातल्या घरात मी आणि बाबा, भाऊ पुण्याला. आईची एक वही सापडली. पुढे दुधाचा हिशेब आणि मागच्या पानांवर दिवाळीच्या डब्यांची यादी. अकरा डबे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत ती स्वतः जाऊन द्यायची. यादीत नाव कोणाचंच नाही. 'कचरा गाडीवाली', 'प्रेसवाला', 'यांचा रिक्षावाला', 'एम. वाय.ची आया' (एम. वाय. म्हणजे इथला मोठा सरकारी दवाखाना), असं. पण प्रत्येकापुढे काय लिहिलंय ते पाहा: 'दात नाहीत. चकली नको, पातळ पोह्यांचा चिवडा.' 'साखरेचा आजार. शंकरपाळे खारे.' 'पाच पोरं. लाडू मोजू नये.'

हे 'मोजू नये' वाचलं आणि मी मोठ्यानं हसले. बाबा बाहेरच्या खोलीतून बघायला आले. मग मला इतकं अपराधी वाटलं की वही मिटून ठेवली. चार महिने नाही झाले अजून.

देवासची आत्या म्हणते, वर्षभर घरात कढई चढवायची नाही. तिचंही चुकीचं नाही, तिचा जीव होता आईवर. पण ते अकरा जण? आणि दुसरं, आई गेल्यापासून माझ्याकडून देवासमोर काही म्हणवत नाही. दर गुरुवारी आम्ही दोघी करुणात्रिपदी म्हणायचो. आता पहिल्या ओळीलाच घसा बंद होतो. अशा मनानं केलेलं दान देवाला पोचतं का? आणि करताना आनंद झाला तर?

भुट्ट्याचा_कीस

वेलची, मी मागच्या गल्लीतलीच. वही आईची, ओळ आईची. मग हसवलं कोणी? आईनंच ना?

क्षिप्रेपार

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. कढईला कसलं सूतक? माझा या गोष्टींवर विश्वास नाही. अकरा माणसं आहेत, त्यांची सवय आहे, तुमची इच्छा आहे. करून टाका. आत्याबाई दोन दिवस रुसतील.

माजघर

बाळ वेलची, माझं वय ७४. जुनी इंदूरमध्ये जन्मले, इथेच आहे.

कढई चढवायची नाही हा नियम आम्हीही पाळला. पण त्याची दुसरी बाजू हल्ली कोणी सांगत नाही. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरी फराळ होत नाही, म्हणून शेजारपाजारचे, सोयरे आपापल्या घरून डबे आणून देतात. मुलांच्या हातावर लाडू पडतोच. म्हणजे सण बंद नव्हता. त्या घरच्या बाईला त्या वर्षी तळणाचं काम माफ होतं, एवढंच. माझे सासरे गेले त्या दिवाळीला आमच्याकडे नऊ घरच्या चकल्या होत्या. सासूबाई प्रत्येक चकली मोडून बघायच्या आणि कोणाची भाजणी कच्ची राहिली ते सांगायच्या. दुःखात होत्या, तरी सांगायच्या.

आता मार्ग सांगते. वर्षाच्या आत शिधा द्यायला कधीच मनाई नव्हती. रवा, साखर, तूप, डाळ असं कोरडं द्या. नाहीतर सामान तुमचं आणि कढई शेजारची. आत्याबाईंचाही मान राहील.

क्षिप्रेपार

माजघर आजी, नऊ घरच्या चकल्या हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी आई गेली तेव्हा नियम सगळे पाळले गेले, पण डबे दोनच आले. फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो, कोणाला माहीतच नव्हतं. कदाचित म्हणून माझा या नियमांवर राग आहे.

माजघर

मग तुमचा राग बरोबर आहे. अर्धाच नियम पाळला गेला तुमच्याकडे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

वेलचीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, घसा बंद होतो त्याबद्दल.

आमच्या दादांना गाण्याचं वेड. दर डिसेंबरला तानसेन समारोहाला घेऊन जायचे. रात्रीच्या मैफली तर होत्याच, पण त्यांचा हट्ट सकाळचा. सकाळी तानसेनच्या समाधीशी शहनाई वाजते, ढोलीबुवांची हरिकथा होते आणि मग मिलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती. शेजारी मुहम्मद गौसांचा मकबरा आणि ते चिंचेचं झाड. पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. दादा मला दर वर्षी पाला चावायला लावायचे. माझा गळा जसा होता तसाच राहिला.

ते नोव्हेंबरात गेले. महिनाभरात समारोह. आई म्हणाली, जाऊन ये. गेलो आणि एकटाच बसलो. हरिकथेत सगळे नामाचा गजर करत होते, माझ्या तोंडून अक्षर फुटेना. शेजारी एक म्हातारे मुसलमान गृहस्थ बसले होते, पुढच्या मिलादसाठी आलेले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझा हात धरून ठेवला, शेवटपर्यंत. ना त्यांनी काही विचारलं, ना मी सांगितलं.

तेव्हापासून मला वाटतं, आपल्याला म्हणता येत नाही त्या दिवसांसाठीच चार माणसांत बसून म्हणायची पद्धत असावी. तुमच्या वाटणीची ओळ दुसरं कोणी म्हणतं. इंदुरात तर तराणेकर महाराजांच्या मठात करुणात्रिपदी होत असेलच. जाऊन नुसत्या बसा.

वेलची_पूड

लष्करवाला, तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. पण गुरुवारी मठात जाताना रिक्षात माझ्या आधी जाऊन बसले.

गराडू_मिरावन

धागा गंभीर आहे, पण एक सुचवतो. आत्याबाईंसाठी बारावा डबा करा आणि पहिला त्यांनाच द्या. देवासची माणसं इंदूरच्या फराळाला नाही म्हणाल्याचं आजवर ऐकलेलं नाही.

भुट्ट्याचा_कीस

गराडू भिया 😄 आणि वर जीरावन मसाला टाकलेली शेव.

दुसरी_पाळी

मी जरा वेगळं बोलणार आहे. कोणाला आवडणार नाही कदाचित.

माझा मुलगा गेला. एकोणीस वर्षांचा. त्यानंतर मी दान करत सुटले. हा शब्द मुद्दाम वापरते आहे. दर शनिवारी दवाखान्याबाहेर पोहे-चहा, अमावास्येला अन्नदान, त्याचे कपडे, पुस्तकं, सायकल, सगळं दोन महिन्यांत देऊन टाकलं. सगळे म्हणायचे, किती धीराची बाई. मी घरी बसत नव्हते, कारण बसले की त्याची खोली दिसायची. दिवाळीत सत्तर जणांना जेवण दिलं आणि पाडव्याला अंथरुणातून उठताच येईना. तीन आठवडे. ती सायकल आज मला हवी आहे. कोणाकडे आहे तेसुद्धा माहीत नाही.

देऊ नका असं म्हणत नाही मी. मी अजूनही पोहे नेते, महिन्यातून एकदा, बारा-पंधरा जणांपुरते. आता तिथे बसते, बोलते. तेव्हा फक्त वाटत होते. वेलची, तुझ्या आईची यादी म्हणून मला फार आवडली. तिला दात नसलेला माणूस माहीत होता. मला त्या सत्तरांतला एकही चेहरा आठवत नाही.

सगळं एकदम देऊ नकोस. वही तर अजिबात नाही.

नाडी_पाहणारा

दुसरी_पाळी ताईंना नमस्कार. मी डॉक्टर आहे, एवढंच भर घालतो. सणाच्या दिवसांत दुःख उसळून येणं हा आजार नाही. वास, पदार्थ, रिकामा पाट, कशानंही ते येतं. हसू आलं आणि तासाभरानं रडू, हेही नेहमीचंच. पण झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली, रोजची कामं होईनाशी झाली किंवा 'आपणही नको' असं वाटू लागलं, तर दान-पूजेच्या भरवशावर थांबू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ वर चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. घरातल्या म्हाताऱ्या पुरुषांकडे विशेष लक्ष द्या, ते बोलत नाहीत. वेलचीताई, बाबांचं जेवण कसं आहे?

वेलची_पूड

एक पोळी. आई होती तेव्हा तीन. पण मठातून आल्यावर प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतला.

महेश्वरी_काठ

आश्चर्य आहे, इंदूरच्या धाग्यावर अजून कोणी अहिल्याबाईंचं नाव घेतलं नाही. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये ज्यांनी सती जाण्यापासून थांबवलं ते सासरे मल्हारराव, आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव. पुढे नातू, जावई, आणि जावयामागे मुक्ताबाई सती गेली. एवढं सोसून काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर, देशभर घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं. तीही स्वतःच्या खासगीच्या उत्पन्नातून.

दुसरी_पाळी

मातोश्रींबद्दल बोलायची माझी पायरी नाही. पण माझा मुलगा गेला तेव्हा दहा जणांनी मला हेच उदाहरण दिलं आणि दर वेळी वाटलं, मला रडायला बंदी केली आहे. मुक्ताबाईच्या वेळी त्यांनी किती आकांत केला हेही इतिहासात लिहिलेलं आहे. ते कोणी सांगत नाही.

महेश्वरी_काठ

ताई, खरं आहे तुमचं. महेश्वरला वाढलो. घाट रोज पाहिले आणि ही बाजू मनात आली नाही. चितेपाशी त्यांना धरून ठेवावं लागलं होतं आणि पुढे तीन दिवस जवळजवळ अन्न घेतलं नाही, असं आम्ही शाळेत वाचलं होतं. मीच विसरलो. उदाहरण द्यायचंच तर ते पूर्ण द्यायला हवं होतं.

सबरस (बडोदे)

आमच्याकडची एक गोष्ट. गुजरात्यांचं नवं वर्ष पाडव्याला, बेसतुं वर्ष. पहाटे अंधारात 'सबरस, सबरस' अशी हाळी येते आणि लोक शकुनाचं मीठ घेतात. आजी गेली त्या वर्षी आईनं दार बंदच ठेवलं होतं. पणती नाही, रांगोळी नाही. समोरच्या बेन पहाटे पाचला आल्या, मूठभर मीठ कागदात बांधून. म्हणाल्या, मिठाई नको असेल, पण मीठ तर रोज लागतंच ना. आई दारातच त्यांच्या गळ्यात पडून रडली. आजी गेल्यानंतर प्रथमच. माझं टोपणनाव त्या दिवसाचं आहे.

घर_नंबर_नाही

आमचे वडील धनत्रयोदशीला गेले. संध्याकाळी दारात यमदीप लावायचा तो दिवस. गोंधळात मामा म्हणाले, डोळे द्यायचे का? वडिलांनी फॉर्म भरलेला नव्हता. पण घरच्यांची संमती असली तर चालतं. नेत्रपेढीला फोन केला. त्यांनी सांगितलं तसं केलं: पापण्या मिटून वर ओला कापूस, पंखा बंद, डोकं उशीवर थोडं उंच. सहा तासांच्या आत व्हावं लागतं. ते दिवाळीच्या रात्री आले, वीस-पंचवीस मिनिटांत झालं. चेहरा तसाच होता.

कोणाला मिळाले ते सांगत नाहीत. पण एका माणसाचे डोळे दोघांच्या कामी येऊ शकतात. आता दर धनत्रयोदशीला आई दिव्याला नमस्कार करून म्हणते, 'बघत असतील कुठूनतरी.' आधी आम्ही सगळे रडायचो. आता धाकटी विचारते, आजोबांनी या वर्षी काय काय बघितलं असेल? आणि मग यादी सुरू होते. राजवाडा, रंगपंचमीची गेर, छप्पन दुकान. त्या यादीत आम्हाला फार आनंद होतो. तो आनंद चुकीचा आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही, वेलचीताई.

वसईकरीण

माहेर वसई, सासर इंदूर, आम्ही कॅथलिक. २ नोव्हेंबरला आमच्याकडे सगळ्या मृतांचा दिवस असतो. कबरी धुवायच्या, फुलं, मेणबत्त्या, प्रार्थना. २०२४ मध्ये पाडवा आणि २ नोव्हेंबर एकाच दिवशी आले. संध्याकाळी आम्ही कब्रस्तानात मेणबत्त्या लावत होतो आणि भिंतीपलीकडे सगळी वस्ती पणत्यांनी उजळलेली. सासूबाईंना जाऊन सहाच महिने झाले होते. नवरा म्हणाला, आईला वाटेल सगळं तिच्यासाठीच आहे.

त्या नाताळात आम्ही केक केला नाही. त्या पैशांची ब्लँकेटं घेतली आणि रात्री स्टेशनाबाहेर दिली. पण नाताळच्या सकाळी शेजारच्या मराठे काकूंनी रव्याचा केक आणून दिला, कुकरमध्ये केलेला, एका बाजूनं बसलेला. माजघर आजींचा अर्धा नियम आमच्याही घरी पाळला गेला म्हणायचा.

क्षिप्रेपार

सगळं वाचतोय. माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला मी ब्राह्मणभोजन केलं नाही, रक्त दिलं. तेव्हापासून वर्षातून तीनदा देतो, पुरुषांनी तीन महिन्यांचं अंतर ठेवायचं असतं. देवावर माझा विश्वास नाही, पण सुई टोचताना दर वेळी 'आई' म्हणतो. नर्स हसते. तिला वाटतं, घाबरलो.

माजघर

क्षिप्रेपार, तुमचा पत्ता मला व्यक्तिगत निरोपात कळवा. या दिवाळीला डबा येईल. चकली मोडून बघा आणि भाजणी कशी झाली ते खरं सांगा.

वेलची_पूड

*भाऊबीजेनंतर लिहिते आहे.*

समोरच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'वसुबारसेला सकाळी सातला ये, माझी मोठी कढई काढून ठेवते.' सामान आमचं, कढई त्यांची. आत्याला मी स्वतः फोन करून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'अनारशाचं पीठ मी भिजवून आणते, तुला जमायचं नाही.' गराडू, बारावा डबा तिचाच होता आणि पहिला तिलाच दिला.

बाबा कधी स्वयंपाकघरात न आलेले. दुपारी काकूंच्या दारात येऊन उभे राहिले. काकूंनी सोऱ्या हातात दिला, म्हणाल्या, 'भाऊजी, जोर लागतो, तुम्हीच पाडा.' बाबांच्या चकल्या कुठे तीन वेढ्यांच्या, कुठे साडेपाच. आम्ही चौघं हसलो, आत्यासुद्धा. मग काकूंनी गॅस बारीक केला आणि कोणीच काही बोललं नाही थोडा वेळ. मग पुन्हा तेल तापवलं.

डबे द्यायला मी आणि बाबा गेलो. ही गोष्ट अवघड जाईल असा विचारच केला नव्हता. अकरांपैकी चौघांना आई गेल्याचं माहीत नव्हतं. एम. वाय.च्या आयाबाईंनी डबा हातात घेतला आणि माझ्या मागे बघत विचारलं, 'आंटीजी नहीं आईं?' सांगितलं. त्या तिथेच पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, 'नाम क्या था उनका? इतने साल में पूछा ही नहीं.' आईचं नाव घेतलं. चार महिने ते फक्त दाखल्यांवर आणि फॉर्मवर लिहीत होते. मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. मी त्यांचं नाव विचारलं, कारण आमच्या वहीत 'आया' एवढंच आहे.

त्यानंतर प्रत्येकाला आईचं नाव सांगितलं आणि प्रत्येकाचं विचारलं. कचरा गाडीवाल्या ताई गाडीवरून उतरल्या, भोंग्यावरचं गाणं बंद केलं आणि हात जोडले. प्रेसवाल्यानं आईची एक साडी काढून दिली, ज्येष्ठापासून त्याच्याकडेच होती, घडी घातलेली. पैसे घेतले नाहीत.

या गुरुवारी मठात करुणात्रिपदीचं पहिलं पद म्हणता आलं. दुसऱ्याला पुन्हा थांबले. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, बेसूर.

रात्री वही उघडली तर यादीत प्रत्येकापुढे बाबांच्या अक्षरात नावं लिहिलेली. आणि रिक्षावाल्यापुढे नवीन ओळ: 'अनारसे आवडतात. पुढच्या वेळी चार.'

दुसरी_पाळी ताई, वही कोणाला देणार नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही पोहे न्याल तेव्हा मी येऊ का?

दुसरी_पाळी

ये. दुसऱ्या शनिवारी सकाळी सात. कांदा चिरायला मदत लागते.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

बाबांना माझा नमस्कार सांगा. डिसेंबरात ग्वाल्हेरला या दोघं. चिंचेचा पाला काढून ठेवतो.

क्षिप्रेपार

माजघर आजी, डबा पोचला. चकली मोडली. खरं सांगायचं ठरलं होतं म्हणून सांगतो, दुसऱ्या दिवशी जरा मऊ पडली.

माजघर

मला वाटलंच होतं. भाजणी बरोबर होती: तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक. तेल नीट तापायच्या आधी सोडली. नातू मध्येच बोलायला आला आणि लक्ष गेलं. तेल थंड असलं की चकली ते पिते आणि मऊ पडते. डबा परत पाठवू नका, पुढच्या वर्षी त्यातच भरून देईन.